दधीची आठवतो, सुवर्चा का आठवत नाही? अवयवांच्या तुटवड्याचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या पत्रिकेवर विषय छापला आहे 'अवयव प्रत्यारोपण: मागणी आणि पुरवठा'. सुरुवातीलाच सांगतो, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. नावामागे डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा. तेव्हा कोणी सोबत रिपोर्ट घेऊन आलं असेल तर ते पिशवीतच राहू द्या. (हशा)

मला या विषयाकडे ओढलं ते या दोन शब्दांनी. मागणी आणि पुरवठा. हे बाजाराचे शब्द आहेत. कांद्याला मागणी असते, सिमेंटचा पुरवठा होतो. आणि याच विषयात दुसरा एक शब्द आपण तितक्याच सहज वापरतो, 'दान'. नेत्रदान, देहदान, अवयवदान. एकाच वस्तूबद्दल एका दमात बाजाराची भाषा आणि दुसऱ्या दमात पुण्याची भाषा. असं जिथं होतं तिथं समजावं की आपलं मन अजून पक्कं झालेलं नाही. ते का झालेलं नाही, हे समजायला इतिहासात जावं लागतं.

आधी आकडे, म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय हे समोर राहील. २०२३ साली भारतात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यांत मूत्रपिंडं १३,४२६, यकृतं ४,४९१ आणि हृदयं फक्त २२१. दहा वर्षांपूर्वी, २०१३ साली, हा एकूण आकडा पाच हजारांच्या आत होता. म्हणजे वाढ साडेतीन पटींहून जास्त. टाळ्या वाजवाव्यात अशीच गोष्ट आहे. पण मूत्रपिंडाची गरज वर्षाला सुमारे दोन लाख रुग्णांना असते, असा अंदाज नेहमी दिला जातो. अंदाज थोडा इकडेतिकडे धरला तरी शंभरातल्या सहा-सात जणांनाच ते मिळतं.

आता पुरवठ्याची बाजू. त्याच वर्षी ज्यांच्या मृत्यूनंतर अवयव मिळाले असे दाते होते १,०९९. एकशे चाळीस कोटींच्या देशात! दहा लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण दहा लाखांमागे अठ्ठेचाळीसच्या वर आहे. आपल्याकडे २०२२ साली नुसत्या रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले बहुतेक जागीच किंवा वाटेत जातात, ते सगळे दाते होऊ शकत नाहीत, हे खरं. पण दीड लाखांहून अधिक आणि एक हजार यांच्यामध्ये जे अंतर आहे ते नुसत्या वैद्यकानं समजत नाही.

तुटवड्याचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. दुष्काळात धान्याचा तुटवडा पडतो कारण पीक गेलं. अवयवांच्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वी तुटवडाच नव्हता. मूत्रपिंड निकामी झालं की माणूस जायचा, लोक म्हणायचे आयुष्य संपलं. कोणी असं म्हणत नव्हतं की 'मूत्रपिंड मिळालं नाही म्हणून गेला'. तुटवडा जन्माला आला तो वैद्यकाच्या यशातून. म्हणून आधी त्या यशाची गोष्ट.

मागणी कशी जन्मली

रक्तवाहिनीला रक्तवाहिनी शिवायची कशी, हे अलेक्सी कारेल या फ्रेंच शल्यविशारदानं दाखवलं आणि १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. हात तयार झाला, पण शरीर तयार नव्हतं. १९३३ साली युक्रेनमधल्या खेरसोन गावी युरी व्होरोनॉय यानं मृत माणसाचं मूत्रपिंड एका स्त्रीला बसवलं. ती दोन दिवसांत गेली. शरीर परकं मांस ओळखतं आणि नाकारतं, हे पुढं पीटर मेडावारनं भाजलेल्या सैनिकांवरच्या त्वचारोपणापासून सुरू झालेल्या संशोधनातून स्पष्ट केलं.

मग १९५४ चा डिसेंबर. बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी हेरिक नावाच्या जुळ्या भावांवर शस्त्रक्रिया केली. एकसारखे जुळे, त्यामुळे एकाच्या शरीराला दुसऱ्याचं मूत्रपिंड परकं वाटलं नाही. आजारी भाऊ आठ वर्षं जगला. देणारा भाऊ तर २०१० पर्यंत जगला. आपण या घटनेला वैद्यकाचा विजय म्हणतो, आणि तो होताच. पण माझ्यासारख्याला त्यात एक दुसरी गोष्ट दिसते. एका ठणठणीत माणसाला टेबलावर घेतलं आणि त्याच्या शरीराला कसलाही फायदा नसताना त्याचं पोट फाडलं. 'आधी निदान अपाय तरी करू नका' ही वैद्याची जुनी शिस्त. ती त्या दिवशी मोडली, आणि ती मोडण्याचं कारण होतं भावाचं प्रेम. हे कारण लक्षात ठेवा. पुढं आपल्या कायद्यात ते पुन्हा भेटणार आहे.

जुळे भाऊ कितीजणांना असणार? म्हणून शरीराचा नकार दाबणारी औषधं शोधणं आलं. त्यात सर्वांत मोठं औषध निघालं नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या एका बुरशीतून. सायक्लोस्पोरिन. १९८३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर नात्यातला दाता हवाच, असं राहिलं नाही. कोणाचंही मूत्रपिंड कोणालाही चालण्याची शक्यता फार वाढली. 'कोणाचंही' या शब्दाची किंमत आपल्याकडं काय झाली, ते थोड्या वेळानं पाहू.

दरम्यान डायलिसिस आलं होतं. जर्मन ताब्यातल्या हॉलंडमध्ये १९४३ साली विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड चालवलं. १९६० साली सिएटलमध्ये स्क्रिब्नर यांनी ते पुन्हापुन्हा, वर्षानुवर्षं करता येईल अशी नळी काढली. यंत्रं मोजकी, रुग्ण पुष्कळ. मग सिएटलमध्ये सात सामान्य नागरिकांची एक समिती बसली. यंत्र कोणाला द्यायचं, म्हणजे जगवायचं कोणाला, ते त्यांनी ठरवायचं. वय किती, नोकरी काय, मुलं किती, चर्चला जातो का, असलेही विचार होत. १९६२ साली 'लाइफ' मासिकानं हे छापलं आणि लोक हादरले. नीतिशास्त्र वर्गाबाहेर पडून इस्पितळात शिरलं ते साधारण या वेळी. आणि डायलिसिसनं आणखी एक केलं. पूर्वी जे लोक गेले असते ते आता वाट पाहू लागले. प्रतीक्षा यादी नावाची गोष्ट तयार झाली.

मरणाची व्याख्या कशी बदलली

मागणी अशी वाढत गेली. पुरवठ्याचा इतिहास मात्र औषधाचा नाही, तो मरणाच्या व्याख्येचा आहे.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. मुलांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं घशात छेद देऊन नळी घातली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाळीपाळीनं बसवून हातानं रबरी पिशवी दाबायला लावली. रात्रंदिवस. कितीतरी मुलं वाचली. आजचं आयसीयू तिथून सुरू झालं. पण त्याच यंत्रणेनं एक नवीन अवस्था निर्माण केली, जी त्याआधी पृथ्वीवर कधीच नव्हती. मेंदू पूर्ण संपलेला आहे, पण यंत्र श्वास देतंय म्हणून हृदय चालू आहे. १९५९ साली पॅरिसमधल्या मोलारे आणि गूलों या दोन डॉक्टरांनी या अवस्थेचं वर्णन केलं. म्हणाले, ही बेशुद्धीच्याही पलीकडची अवस्था आहे. हे मरणच आहे, असं मात्र ते म्हणाले नाहीत. त्याआधी १९५७ साली भूलतज्ज्ञांनी पोपना विचारलं होतं, अशा माणसाला मेला कधी म्हणायचं? बारावे पायस म्हणाले, ते ठरवणं डॉक्टरांचं काम, चर्चचं नव्हे.

मग १९६७ च्या डिसेंबरात केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्डनं हृदय बदललं. मोटारीनं उडवलेल्या एका तरुण मुलीचं हृदय, तिच्या वडिलांच्या संमतीनं. रुग्ण अठरा दिवस जगला, पण जगभर खळबळ माजली. महिन्याभरात बर्नार्डनं दुसरं हृदय बसवलं. देणारा मिश्रवर्णी, घेणारा गोरा. ज्या देशात हे दोघं एका बाकावर बसू शकत नव्हते, तिथं एकाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत चालत होतं! आणि ते दीड वर्षाहून अधिक काळ चाललं.

आपली मुंबईही त्या शर्यतीत होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. १६ फेब्रुवारी १९६८ ला परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. केपटाउननंतर अडीच महिन्यांच्या आत, आणि तेही महापालिकेच्या इस्पितळात. रुग्ण काही तासांतच गेला. त्यानंतर भारतात हृदय प्रत्यारोपणाला सव्वीस वर्षं लागली. हात होते, धाडस होतं. नव्हती ती दोन गोष्टी: नकार दाबणारं चांगलं औषध, आणि हृदय चालू असलेल्या माणसाला मृत म्हणण्याचा कायदा.

याच १९६८ च्या ऑगस्टमध्ये हार्वर्डच्या समितीचा अहवाल आला. अध्यक्ष हेन्री बीचर, भूलतज्ज्ञ. समितीत डॉक्टरांबरोबर एक वकील, एक इतिहासकार आणि एक धर्मशास्त्राचे अभ्यासकही होते. त्यांनी सांगितलं की मेंदूचं काम कायमचं थांबलं असेल तर तो मृत्यू मानावा. कारणं दोन दिली. एक, असे रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि इस्पितळं यांच्यावरचा भार. दुसरं, जुने निकष राहिले तर प्रत्यारोपणासाठी अवयव मिळवताना वाद होतील.

या दुसऱ्या कारणावर हान्स योनास नावाच्या तत्त्वज्ञानं लगेच बोट ठेवलं. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. असा रुग्ण परत येणार नसेल तर यंत्र बंद करा, मरणाला येऊ द्या, त्याला माझी हरकत नाही. पण इथं तुम्ही उलटं करताय. तुम्ही त्याला आधी मृत म्हणताय, आणि मग अवयव ताजे राहावेत म्हणून यंत्र चालूच ठेवताय. जगणं आणि मरणं यांची सीमारेषा नक्की कुठं आहे हे आपल्याला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्याची जागा व्याख्या भरून काढू शकत नाही. शिवाय जी व्याख्या कोणाच्या तरी गरजेसाठी केली जाते, तिच्याबद्दल संशय राहणारच.

मला विचाराल तर योनासचा निष्कर्ष मी स्वीकारत नाही. मेंदूचा बुंधा, ज्याला आपण मस्तिष्कस्तंभ म्हणतो, तो पूर्ण नष्ट झाला की परत येणं नाही. या निदानाची कसोटी काटेकोर आहे. पण त्याचा इशारा मी स्वीकारतो. संशय राहील, असं तो म्हणाला. आणि राहिला.

कसा राहिला, त्याची दोन उदाहरणं त्याच वर्षातली. अमेरिकेत रिचमंड शहरात एका कृष्णवर्णीय मजुराचं हृदय घरच्यांना न विचारता काढलं गेलं. भावानं दावा लावला. १९७२ साली ज्युरीनं डॉक्टरांच्या बाजूनं कौल दिला. कायद्यानं प्रश्न सुटला, पण गरिबाच्या घरात तो सुटला असेल का? आणि जपानमध्ये साप्पोरोला जुरो वाडा यांनी बुडालेल्या एका तरुणाचं हृदय दुसऱ्याला बसवलं. ज्याला बसवलं तो त्र्याऐंशी दिवसांनी गेला. मग शंका आली, देणारा खरंच मेला होता का, आणि घेणाऱ्याला खरंच गरज होती का? खुनाची तक्रार झाली, पुढं ती सोडून दिली गेली. पण जपाननं मेंदूमृत्यूनंतरच्या अवयवदानाचा कायदा केला तो १९९७ साली. एका शंकेची किंमत एकोणतीस वर्षं. पुरवठा वाढवायची घाई पुरवठाच कसा आटवते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे काय झालं

भारतात वेल्लोरला १९७१ साली जिवंत नातेवाइकाचं मूत्रपिंड यशस्वीपणे बसवलं गेलं. आणि मग सायक्लोस्पोरिन आलं. मघाशी 'कोणाचंही' म्हणालो, ते इथं. नात्याची अट गेल्यावर पैशाची वाट मोकळी झाली. ऐंशीच्या दशकात मुंबई, मद्रास, बंगळूर इथं मूत्रपिंडांचा उघड बाजार चालला. परदेशातून रुग्ण येत. मद्रासजवळच्या विल्लिवाक्कम या वस्तीचं नाव लोकांनी 'किडनीवाक्कम' करून टाकलं. कायदा मोडला जात नव्हता, कारण कायदाच नव्हता.

विकणाऱ्यांचं काय झालं? चेन्नईतल्या ३०५ विक्रेत्यांचा अभ्यास २००२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. शंभरातल्या शहाण्णव जणांनी कर्ज फेडायला मूत्रपिंड विकलं होतं. सरासरी सहा वर्षांनंतर कुटुंबाचं उत्पन्न एक तृतीयांशानं घटलेलं होतं, आणि बहुतेक जण अजून कर्जातच होते. शंभरातल्या शहाऐंशी जणांनी तब्येत ढासळल्याचं सांगितलं. 'दुसऱ्यानं विकावं का' असं विचारलं तर एकोणऐंशी टक्के म्हणाले, नको. बाजाराच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की दोघांचाही फायदा होतो. इथं एकाचा झाला.

मग १९९४ चा कायदा. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून राज्यांनी ठराव करून संसदेला अधिकार द्यावा लागतो. ते ठराव करणारी पहिली तीन राज्यं होती महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. आपल्याला याचा थोडा अभिमान असायला हरकत नाही. राष्ट्रपतींची मोहोर ८ जुलै १९९४ ला, अंमल ४ फेब्रुवारी १९९५ पासून. मधल्या काळात, ३ ऑगस्ट १९९४ ला, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी हृदय प्रत्यारोपण यशस्वी केलं. आता तोच दिवस आपण अवयवदान दिन म्हणून पाळतो.

या कायद्यानं एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरवले. विक्री बंद करायची आणि मेंदूमृत्यूला मान्यता देऊन नवा पुरवठा उघडायचा. चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला एकही डॉक्टर त्यात नाही. डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुली आकसते का, कानात थंड पाणी सोडून डोळे हलतात का, घशात नळी फिरवून ठसका लागतो का, आणि शेवटी यंत्र काढून पाहणं की स्वतःहून श्वास येतो का.

पण कायद्यात एक खिडकी राहिली. जवळचा नातेवाईक नसला तरी 'प्रेम किंवा जिव्हाळ्यापोटी' कोणी अवयव देत असेल, तर समिती परवानगी देऊ शकते. बोस्टनच्या भावाचं प्रेम इथं कलमात आलं बघा. आणि मग अचानक शेटजींवर ड्रायव्हरचं, मालकावर गड्याचं प्रेम उतू जाऊ लागलं! (हशा) हसण्यासारखं नाही खरं तर. २००८ साली गुडगावचं प्रकरण उघडकीला आलं. २०११ साली कायदा दुरुस्त झाला, शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक कोटीपर्यंत गेला, आजी-आजोबा आणि नातवंडं जवळच्या नात्यांत आली.

आणि दुसरा पक्षी? तो दगड लागलाच नाही. २०२३ चे आकडे पुन्हा काढू. अठरा हजारांवर प्रत्यारोपणं, आणि जिवंत दाते पंधरा हजारांवर. म्हणजे जवळजवळ दर सहांतले पाच अवयव जिवंत माणसाच्या अंगातून येतात. आपण दरी भरली ती अशी. मग मी विचारतो, ही जिवंत माणसं कोण? १५,४३६ जिवंत दात्यांपैकी ९,७८४ बायका. शंभरात त्रेसष्ट. आणि घेणारे? १९९५ ते २०२१ या काळात नोंदल्या गेलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांत बायकांना मिळालेली फक्त ६,९४५. पाचांतले चार पुरुष.

याची वैद्यकीय कारणंही काही आहेत. पुरुषांत दारू, रक्तदाब यांमुळे दाता म्हणून बाद होणारे जास्त असतात. पण तेवढ्यानं हा फरक भरत नाही. घरात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. मुलगा आजारी पडला तर आई पुढं येते, नवरा आजारी पडला तर बायको पुढं येते, आणि बायको आजारी पडली तर तिची आई पुढं येते. 'ते मिळवते आहेत', एवढ्या तीन शब्दांत निर्णय होतो. त्यात प्रेम नाही असं मी म्हणत नाही. पण ज्याला 'नाही' म्हणण्याची सोयच नाही त्याच्या 'हो'ला दान म्हणायचं का? पूर्वी गरिबाकडून घेतलं, तो रस्ता कायद्यानं अडवला. आता घरातल्या बाईकडून घेतो. तुटवडा आपण संपवलेला नाही. तो कोणाच्या तरी शरीरावर ढकलला आहे.

नातेवाईक 'नाही' का म्हणतात

मग मृत्यूनंतरचं दान का वाढत नाही? उत्तर ठरलेलं असतं: लोक अडाणी, अंधश्रद्ध, पुढच्या जन्मी अवयव नसेल अशी भीती. असेल काही ठिकाणी. पण मला वाटतं आपण लोकांना फार लवकर अडाणी ठरवतो.

त्या जागी उभं राहून बघा. सकाळी मोटरसायकलवर गेलेला मुलगा. दुपारी फोन. आता काचेपलीकडे तो झोपलाय, छाती वरखाली होतेय, हाताला ऊब आहे, पडद्यावर ठोके दिसतायत. आणि पांढऱ्या कोटातला अनोळखी माणूस सांगतो, तो गेला. मराठीत आपण म्हणतो जीव गेला, प्राण गेला, श्वास थांबला. आपल्या भाषेतलं मरण सगळं श्वासाशी बांधलेलं आहे. त्या आईनं हे ऐकून लगेच पुढचा प्रश्न ऐकायचा: अवयव देता का? आणि तिनं पेपरात वाचलेलं असतं की किडनी चोरतात. केईएममधल्या त्या परिचारिका बेचाळीस वर्षं निपचित होत्या. त्यांचा खटला २०११ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हाही न्यायालयानं सांगितलं की त्या मेंदूमृत नाहीत. पण ही अवस्था वेगळी आणि मेंदूमृत्यू वेगळा, हे त्या आईला कोणी आधी समजावलंय?

त्यात आपल्या कायद्यानं एक विलक्षण घोटाळा करून ठेवला आहे. मेंदूमृत्यूची मान्यता आहे ती अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मात्र मृत्यू म्हणजे जीवनाची सर्व चिन्हं कायमची नाहीशी होणं असं सांगतो. याचा व्यवहारातला अर्थ बघा. नातेवाईक हो म्हणाले तर माणूस मृत. नाही म्हणाले तर तोच माणूस, त्याच खाटेवर, तसाच यंत्रावर, आणि यंत्र काढायला डॉक्टर कचरतात. बिल चालूच. म्हणजे मरण हे नातेवाइकांच्या सहीवर अवलंबून! तर्कशास्त्राच्या वर्गात मी हे उदाहरण दिलं असतं तर मुलं म्हणाली असती, सर, काहीतरीच सांगता. योनास ज्या संशयाबद्दल बोलत होता तो आपण कायद्यातच लिहून ठेवला आहे. केरळनं मेंदूमृत्यूच्या निदानाला अवयवदानापासून वेगळं करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तसं सगळीकडे व्हायला हवं. आधी मरण सांगा, सगळ्यांना सारखंच सांगा. दान हा नंतरचा प्रश्न.

हे शक्य आहे याचा पुरावा स्पेन. तिथं १९७९ पासून कायदा असा आहे की नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरावी. दहा वर्षं त्यानं फारसा फरक पडला नाही. १९८९ साली राफाएल मातेसान्स यांच्या हाताखाली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्यांनी प्रत्येक इस्पितळात आयसीयूमधलाच एक प्रशिक्षित डॉक्टर समन्वयक नेमला. त्यानं मृत्यू ओळखायचा, घरच्यांशी बोलायचं, त्यांच्यासोबत बसायचं. कायदा काही म्हणो, स्पेनमध्ये घरच्यांना विचारल्याशिवाय अवयव काढत नाहीत. प्रमाण दहा लाखांमागे चौदावरून आजच्या आकड्यावर गेलं. आपल्याकडे तमिळनाडूनं २००८ साली नियम बसवले. त्याच सप्टेंबरात एका डॉक्टर दाम्पत्यानं अपघातात गेलेल्या आपल्या मुलाचे अवयव दिले आणि ती बातमी घराघरात पोचली. ज्या तमिळनाडूत किडनीवाक्कम होतं, तेच राज्य मृत्यूनंतरच्या दानात पुढं गेलं. माणसं तीच होती, व्यवस्था बदलली. आपल्या महाराष्ट्रातही मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी विभागीय समन्वय केंद्रं आहेत, समन्वयक आहेत. पण तालुक्याच्या गावी जिथं अपघात होतात तिथं मेंदूमृत्यू जाहीर करणारं कोणी नसतं. तुटवडा दात्यांचा आहे तितकाच विचारणाऱ्यांचा आहे.

शेवटी दान या शब्दाकडे येतो. आपल्या धर्मशास्त्रात दानाची कल्पना अशी: वस्तूवरचं माझं स्वामित्व मी सोडतो आणि तिथं दुसऱ्याचं स्वामित्व निर्माण होतं. म्हणजे आधी वस्तू माझी असली पाहिजे. मेल्यावर देह कोणाचा? मी अर्ज भरला तरी शेवटी विचारतात घरच्यांनाच. तेव्हा देणारे तेच.

अवयवदानाच्या प्रत्येक भाषणात दधीची ऋषी येतातच. वृत्राला मारायला वज्र हवं, त्यासाठी हाडं हवीत, देवांनी मागितली, ऋषींनी देह सोडला. पण शिवपुराणातल्या कथेचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. दधीचींची पत्नी सुवर्चा त्या वेळी तिथं नव्हती. परत आली तेव्हा तिला कळलं की काय झालं. ती संतापली आणि तिनं देवांना शाप दिला. देवांचं काम जगाच्या कल्याणाचंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण तिला कोणी विचारलं नव्हतं. पुराणकारांना हे समजत होतं की एवढं मोठं दान घरातल्या माणसाला वगळून झालं तर शाप लागतो. रिचमंडला लागला, साप्पोरोला लागला. आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेली असते ती सुवर्चा. तिच्याशी कोण बोलतं, कधी बोलतं आणि किती वेळ बोलतं, यावर आपला पुरवठा ठरणार आहे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, सरकारनंच ठरावीक मोबदला दिला तर तुटवडा संपणार नाही का?

इराणनं १९८८ पासून जिवंत दात्याला पैसे देण्याची सरकारमान्य पद्धत ठेवली आहे, आणि त्यामुळं प्रतीक्षा कमी झाल्याचं सांगितलं जातं. पण तिथंही विकणारे गरीबच असतात. आणि चेन्नईचा अभ्यास मी सांगितला. माझा आक्षेप पैशाला नाही. दात्याचा औषधोपचार, बुडालेली मजुरी, पुढची तपासणी हे सगळं समाजानं द्यावंच. पण ज्याच्याकडं विकायला दुसरं काही उरलेलं नाही, त्याच्या शरीराला आपण शेवटची मालमत्ता मानणार का, हा प्रश्न आहे. माझं उत्तर नाही.

प्रश्न: मग आम्ही आज घरी जाऊन नेमकं काय करावं? कार्ड भरावं का?

भरा. पण कार्ड पाकिटात राहतं आणि पाकीट अपघातात पोलिसांकडे जातं. त्यापेक्षा जेवताना घरी बोला. बायकोला, मुलांना, सुनेला सांगा की माझी इच्छा अशी आहे. आणि त्यांचीही विचारा, नुसती आपली सांगू नका. जेवताना मरणाचं काय काढता म्हणून ओरडा बसेल. बसू द्या. त्या एका संध्याकाळच्या बोलण्यानं पुढं कधीतरी काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाचं ओझं फार हलकं होतं.